सरकारदरबारी निवेदन, अर्ज आणि तक्रार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सरकारकडे मागणी करण्याचा खरंच ‘हक्क’ आहे का? की साहेबांनी कागद घेतला तर घेतला?

हक्क आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपलं गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकरणाकडे निवेदन देता येतं. हे कलम मूलभूत हक्कांच्या भागात नाही. ते राजभाषेच्या, म्हणजे सतराव्या भागात जाऊन बसलं आहे, त्यामुळे भल्याभल्यांना पटकन सापडत नाही. त्याच्या जोडीला कलम १९(१)(क) मधलं भाषणस्वातंत्र्य आणि १९(१)(ख) मधला शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क आहेच.

मात्र कलम ३५० निवेदन *देण्याचा* हक्क देतं. अमुक दिवसांत उत्तर मिळेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उत्तराची सक्ती दुसऱ्या कायद्यांतून येते, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

२. निवेदन, अर्ज, तक्रार, विनंती अर्ज, याचिका: हे सगळं एकच ना?

बोलताना एकच, कार्यालयात नाही. ठरावीक सेवा किंवा दाखला मागायचा तो अर्ज. कोणी काही चुकीचं केलं किंवा करायचं ते केलं नाही, ही तक्रार. धोरण, काम किंवा निर्णय मागायचा ते निवेदन. विधिमंडळ किंवा संसदेपुढे ठेवतात तो विनंती अर्ज. न्यायालयात दाखल होते ती याचिका. शीर्षक चुकलं म्हणून कागद परत येतोच असं नाही, पण तो चुकीच्या टेबलावर जातो आणि तिथे महिनाभर पडून राहतो.

३. मराठीत लिहिलं तर चालतं का?

राज्य सरकारच्या कार्यालयात तर मराठीतच लिहा. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा आहे. रेल्वे, टपाल, प्राप्तिकर अशा केंद्रीय कार्यालयाला लिहिताना मूळ निवेदन मराठीत ठेवून सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडा. कागद वाचणारा माणूस मराठी जाणणारा असेलच असं नाही आणि भाषांतराच्या नावाखाली फाइल थांबायला निमित्त मिळतं. लोकसभेकडच्या विनंती अर्जाला मात्र हे भाषांतर लागतंच (प्रश्न १५).

४. थेट मुख्यमंत्र्यांना लिहिलं तर काम लवकर होत नाही का?

सहसा उशिरा होतं. मुख्यमंत्र्यांच्या नावाने गेलेला कागद संबंधित विभागाकडे जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग तहसीलदारांकडे आणि शेवटी ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन तलाठ्याच्या पिशवीत येतो. तक्रार त्याच तलाठ्याविरुद्ध असेल तर काय होतं ते सांगायला नको.

म्हणून निर्णय घ्यायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्या पदनामाने लिहा. पदनामाने लिहावं, नावाने नाही, कारण साहेब बदलून गेले की नावावरचा कागद पोरका होतो. त्याच्या वरच्या एका अधिकाऱ्याला ‘प्रत माहितीसाठी’ द्या. एकालाच. खाली अकरा जणांच्या प्रतींची यादी दिसली की प्रत्येक जण समजतो, दुसरा कोणीतरी बघेल. तक्रार एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध असेल तर मागणीतच लिहा: ‘चौकशी संबंधित कर्मचाऱ्याकडे किंवा त्याच्या कार्यालयाकडे न देता वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत व्हावी.’

५. निवेदन लिहायचं कसं? काही नमुना आहे का?

सक्तीचा नमुना नाही (लोकशाही दिन सोडून, प्रश्न १२ पाहा). वरून खाली क्रम असा: दिनांक, ‘प्रति’ आणि पदनाम, अर्जदाराचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, विषय, संदर्भ, मजकूर, मागणी, सही, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. ‘संदर्भ’ मध्ये आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक आणि तारखा टाका. बहुतेक जण हा भाग मोकळा सोडतात आणि मग तिसरा अर्जसुद्धा पहिला समजून हाताळला जातो.

विषयाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. नोंदवहीत तीच उतरते आणि पुढे वर्षभर तुमचा कागद तिच्यावरूनच शोधतात. ‘विषय: गावातील विविध समस्यांबाबत’ असं लिहिलंत तर फाइल कोणत्या टेबलाची हेच ठरत नाही. त्याऐवजी लिहा: ‘विषय: जि. प. प्राथमिक शाळेच्या इयत्ता ३ री व ४ थीच्या वर्गखोल्यांचे गळके छत १५ जूनपूर्वी दुरुस्त करण्याबाबत’. काम कोणतं, कुठलं, कधीपर्यंत, हे सगळं एका ओळीत आलं.

मजकूर एका पानात बसवा. एका निवेदनात एकच मागणी ठेवा. रस्ता, पाणी आणि शाळा असे तीन विषय असतील तर तीन कागद करा, कारण खाती तीन आहेत. मूळ कागद एका खात्यात अडकतो आणि बाकी दोघांकडे त्याची झेरॉक्स फिरत राहते.

मागणीत आकडा हवा. ‘शिक्षणाकडे लक्ष द्यावे’ ही मागणी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेलं निवेदन यासाठी बघण्यासारखं आहे. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचं करावं, असं त्यांनी वयासकट लिहिलं होतं. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल अशी मागणी असेल तरच अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

६. स्टॅम्प पेपर, कोर्ट फी तिकीट, नोटरी लागते का? काय काय जोडायचं?

साध्या निवेदनाला आणि तक्रारीला पांढरा कागद पुरतो. ठरावीक शुल्क नक्कल, दाखला किंवा माहिती अधिकाराच्या अर्जाला असतं. आपण देतोय ते निवेदन आहे, हे खिडकीवर सांगायला संकोचू नका.

जोडायचं ते मोजकं: आधीच्या पोचांच्या प्रती, फोटो (मागे तारीख आणि जागा लिहून) आणि तुम्ही ज्या शासन निर्णयाचा आधार घेता त्याचं संबंधित पान. मूळ कागद कधीही देऊ नका. आधार कार्डाची प्रत मागितली तरच द्या आणि तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त दि. … च्या निवेदनासाठी’.

७. निवेदन दिल्याचा पुरावा काय ठेवायचा?

दोन प्रती घेऊन जा. मूळ प्रत आवक-जावक किंवा बारनिशीच्या टेबलावर द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर, म्हणजे ओसीवर, पोच घ्यायची. पोचीत चार गोष्टी असल्या पाहिजेत: कार्यालयाचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. नुसता गोल शिक्का म्हणजे अर्धी पोच. आवक क्रमांक नसेल तर कागद नोंदवहीत चढलेला नाही, आणि नोंदवहीत नसलेला कागद त्या कार्यालयाच्या लेखी आलेलाच नसतो.

साहेबांच्या हातात निवेदन देताना फोटो काढणं ही आपली आवडती पद्धत आहे. फोटो काढा, काही बिघडत नाही. मग त्याच कागदाची प्रत खाली जाऊन आवकमध्ये द्या. साहेबांच्या हातातला कागद अनेकदा गाडीच्या सीटवर राहतो.

८. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणून पोच देत नाहीत. मग?

पोच द्यायला साहेब लागत नाहीत, आवक लिपिक लागतो. हे शांतपणे सांगा. तरी ऐकलं नाही तर वाद न घालता त्याच दिवशी पोच पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे). पाकिटावर पदनाम आणि विषय दोन्ही लिहा, म्हणजे आत कोरा कागद होता असं म्हणायला वाव उरत नाही. पावती आणि वितरण झाल्याचा ऑनलाइन तपशील ओसीला टाचून ठेवा. ऑनलाइन तपशील काही काळाने दिसेनासा होतो, म्हणून आठवडाभरातच त्याची छापील प्रत काढा. कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर स्कॅन प्रत पाठवणं हा तिसरा पुरावा. तो पोचीच्या जोडीला ठेवा, पोचीऐवजी नको.

९. किती दिवसांत उत्तर द्यायला हवं?

इथे कामाला येतो २००५ चा कायदा. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध अशा दोन गोष्टी त्यात एकत्र आहेत. त्यानुसार राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची फाइल चार दिवसांत आणि अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, गरज असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून केलेल्या विलंबासाठी शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

न्यायप्रविष्ट, अर्धन्यायिक (म्हणजे अधिकारी न्यायालयासारखी सुनावणी घेऊन निकाल देतो त्या) आणि धोरणात्मक बाबींना ही मुदत लागू नाही. ‘आमच्या तालुक्यासाठी वेगळं धोरण आखा’ असं निवेदन दिलंत तर ४५ दिवसांचा हिशेब सांगता येणार नाही.

व्यवहारात हे असं वापरा. पोचीच्या तारखेपासून ४५ दिवस मोजा. ४६ व्या दिवशी एकच स्मरणपत्र द्या, त्यात आवक क्रमांक लिहा, कायद्याचा उल्लेख करा आणि फाइल सध्या कोणाकडे आहे ते विचारा. त्यालाही पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रश्न ११.

१०. ‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे’ असं पत्र आलं. काम झालं म्हणायचं का?

नाही. हे फक्त पृष्ठांकन, म्हणजे तुमचा कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकल्याची खबर. त्यातली कामाची गोष्ट म्हणजे जावक क्रमांक आणि कागद कोणाकडे गेला ते पदनाम. आता पाठपुरावा त्या नव्या कार्यालयात करायचा, जुन्या नाही.

काही शब्द ओळखीचे करून घ्या. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे निर्णय खालच्याने घ्यायचा. ‘अभिप्रायासह सादर करावे’ म्हणजे खालच्याने मत द्यायचं आणि निर्णय वरचा घेणार. ‘दप्तरी दाखल’ किंवा ‘नस्तीबद्ध’ म्हणजे फाइल बंद झाली. हा तिसरा शेरा तुम्हाला कधीच कळवला जात नाही, तो शोधून काढावा लागतो.

११. अर्जाचं काय झालं ते माहिती अधिकारात विचारता येतं का?

येतं, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा सगळ्यात फायदेशीर उपयोग हाच आहे. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला, पुरावा जोडल्यास, ते माफ आहे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. इथे बरेच अर्ज पडतात.

‘माझ्या अर्जावर कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ चं उत्तर ही नोंदीतली माहिती नव्हे, असं म्हणून माहिती अधिकारी मोकळा होतो. कागद मागा:

‘माझा आवक क्र. … दि. … चा अर्ज. (१) या अर्जावरील नस्तीतील टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग यांच्या सर्व पानांच्या छायांकित प्रती. (२) हा अर्ज कोणकोणत्या पदनामाच्या कर्मचाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, याच्या कार्यविवरण नोंदवहीतील उतारे.’

नस्ती म्हणजे फाइल. दुसऱ्या मागणीतून ती कोणाकडे किती दिवस झोपली होती ते तारखेनिशी हातात येतं. नुसता असा अर्ज पोहोचल्यावर मूळ काम हलल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

उत्तराची मुदत ३० दिवस आहे. माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तास. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

१२. लोकशाही दिनात अर्ज दिला, पण ‘स्वीकारण्यायोग्य नाही’ म्हणाले. असं का?

लोकशाही दिन म्हणजे लोकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांनी समोरासमोर ऐकून घेण्याचा ठरलेला दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. सुट्टी आली तर त्यानंतरच्या कामाच्या दिवशी. विहित नमुन्यातला अर्ज दोन प्रतींत १५ दिवस आधी द्यावा लागतो. त्याच सकाळी कागद घेऊन गेलात तर अधिकारी ऐकून घेतील, पण तो लोकशाही दिनाचा अर्ज धरला जाणार नाही. शिवाय रचना पायऱ्यांची आहे: आधी तालुका, मग जिल्हा, मग विभागीय आयुक्त, मग मंत्रालय. खालच्या पायरीचा टोकन क्रमांक नसताना वरच्या पायरीवर गेलात तर खाली पाठवतील.

न स्वीकारण्याची कारणं ठरलेली आहेत: प्रकरण न्यायप्रविष्ट असणं, महसुली किंवा इतर अपिलाचा विषय असणं, सेवा किंवा आस्थापनाविषयक बाब, विहित नमुना किंवा कागदपत्रं नसणं, आधीच अंतिम उत्तर दिलेलं असणं. आणि एक कारण लोकांना फार खटकतं, ते म्हणजे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची नसणं.

या शेवटच्या कारणावर अडकलात तर कागद फाडू नका, त्याचा रोख बदला. ‘गावचा पाणंद रस्ता अतिक्रमणमुक्त करा’ ही सार्वजनिक मागणी झाली. ‘माझ्या गट क्रमांक … मध्ये जाण्याचा रस्ता अमुक ठिकाणी अडवल्याने मला पेरणी करता आली नाही, तहसीलदारांकडे दि. … ला अर्ज दिला, त्यावर निर्णय नाही’ ही वैयक्तिक तक्रार झाली. रस्ता तोच आहे. विनंती अर्ज समितीकडे (प्रश्न १५) नेमकी उलटी अट असते, तिथे विषय सार्वजनिक हिताचाच लागतो. एकच कागद दोन्हीकडे चालवायचा प्रयत्न केला तर दोन्हीकडून परत येतो.

१३. ऑनलाइन तक्रार करावी की कागदावर?

राज्याच्या कार्यालयांसाठी ‘आपले सरकार’ ची तक्रार निवारण प्रणाली आहे, केंद्राच्या खात्यांसाठी सीपीग्राम्स. सीपीग्राम्सवर निवारणाची मुदत ऑगस्ट २०२४ पासून ३० ऐवजी २१ दिवस आहे. तक्रार बंद केल्यानंतर ३० दिवसांत तिथेच अपील करता येतं. न्यायप्रविष्ट बाबी, माहिती अधिकाराचे विषय आणि नुसत्या सूचना तिथे तक्रार म्हणून घेत नाहीत.

ऑनलाइन तक्रारीचा फायदा म्हणजे क्रमांक लगेच मिळतो आणि ‘पोच नाही’ ही भानगड राहत नाही. तोटा असा की एका ओळीचं उत्तर टाकून तक्रार ‘निकाली’ दाखवता येते. म्हणून मजकूर पेटीत प्रश्न ५ मधल्यासारखी एकच स्पष्ट मागणी लिहा. निकाली शेरा आला की त्या दिवशीच स्क्रीनची प्रत जतन करा आणि अपिलाची तारीख कॅलेंडरवर टाका. जमिनीचा, रकमेचा किंवा पुढे न्यायालयात जाण्याची शक्यता असलेला विषय असेल तर ऑनलाइनसोबत कागदी अर्जही द्या.

१४. किती सह्या लागतात? पाच हजार सह्या गोळा केल्या तर उत्तर देणं बंधनकारक होतं का?

नाही. ब्रिटनच्या संसदेच्या संकेतस्थळावर १०,००० सह्यांना सरकारचं उत्तर आणि १,००,००० सह्यांना चर्चेसाठी विचार असा आकडा ठरलेला आहे. आपल्याकडे असा उंबरठा नाही. कायद्याच्या लेखी एक सही आणि पाच हजार सह्या सारख्याच. वजन पडतं ते राजकीय.

सह्या घेताना एक चूक सगळीकडे दिसते. पहिल्या पानावर निवेदन आणि मागे कोऱ्या डोक्याची सह्यांची पानं. ती पानं उद्या कोणत्याही दुसऱ्या निवेदनाला लावता येतात, आणि ‘आम्ही कशावर सही केली ते माहीत नव्हतं’ असं चार जणांनी म्हटलं की सगळंच कोसळतं. प्रत्येक सहीपानाच्या डोक्यावर विषय आणि मागणीची दोन वाक्यं छापा. रकाने चार ठेवा: अनुक्रमांक, पूर्ण नाव, पत्ता, सही. अंगठा असेल तर शेजारी ओळखणाऱ्याची सही घ्या. आधार क्रमांकाचा रकाना ठेवू नका, ते कागद किती हातांतून फिरणार ते तुम्हाला माहीत नसतं. उत्तर कोणाच्या पत्त्यावर यावं ते पहिल्याच पानावर लिहा.

गावपातळीवर सह्यांपेक्षा ग्रामसभेचा ठराव भारी पडतो. गणपूर्ती १०० मतदारांची किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्क्यांची, यातली जी संख्या कमी असेल ती. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घेऊनच घरी जा, नंतर इतिवृत्त ‘लिहायचं राहिलं’ असं होतं.

१५. विधानसभेकडे किंवा लोकसभेकडे सामान्य माणूस अर्ज करू शकतो का?

करू शकतो, आणि हा मार्ग फार कमी वापरला जातो. राज्यात विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, तिच्यापर्यंत आमदारामार्फत जाता येतं. लोकसभेतही अशी समिती आहे. तिच्यात अध्यक्षांनी नेमलेले किमान १५ सदस्य असतात आणि मंत्र्याला तिचं सदस्य होता येत नाही. राज्यसभेची समिती १० जणांची.

लोकसभेकडे तीन प्रकारचे विषय जातात: प्रसिद्ध किंवा मांडलेलं विधेयक, सभागृहापुढचं प्रलंबित कामकाज आणि सार्वजनिक हिताची बाब. तिसऱ्या प्रकाराला गाळण्या आहेत. विषय न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या कक्षेतला नको, राज्याच्या विधिमंडळात मांडण्याजोगा नको आणि कायद्याने दुसरा उपाय उपलब्ध असलेला नको. अर्ज सभागृहाला उद्देशून लिहायचा, भाषा संयत ठेवायची, शेवटी नेमकी प्रार्थना हवी. खासदार सादर करणार असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. आणि ज्यांना जोडपत्रांची सवय आहे त्यांच्यासाठी: या अर्जाला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर कागद जोडायचे नसतात. जे सांगायचं ते अर्जातच.

१६. दाखला अडवून ठेवलाय. निवेदन देऊ का?

नको, वेळ जाईल. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ती सेवा अधिसूचित आहे का ते कार्यालयाच्या फलकावर बघा. असेल तर मुदत संपल्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करा. दोषी पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, म्हणून इथे अपिलाचा कागद निवेदनापेक्षा वेगाने धावतो.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर तोही निवेदनाचा विषय नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरी दाद नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

१७. नाव न लिहिता तक्रार केली तर?

निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, अशा केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचना आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या भ्रष्टाचाराबाबत नाव गुप्त ठेवून आयोगाकडे तक्रार करायची सोय २००४ पासून आहे. त्यात नाव-पत्ता आतल्या पत्रावर लिहायचा, पाकिटावर नाही. नाव अजिबात न लिहिणं आणि नाव गुप्त ठेवायला सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८. अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार केली तर ‘३५३’ लागेल का? बदनामीचा दावा?

लेखी तक्रारीने नाही. भारतीय दंड संहितेतलं ते जुनं कलम लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर करून त्याच्या कामात अडथळा आणण्याबद्दलचं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ झालं आहे. धोका असतो तो टेबलावर हात आपटण्यात, कॉलर धरण्यात, शाई फेकण्यात.

बदनामीच्या कलमालाही (३५६) अपवाद आहे: ज्याला त्या व्यक्तीवर कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामी होत नाही. हे संरक्षण वरिष्ठांकडे दिलेल्या कागदाला आहे. तोच कागद गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलात की ते संरक्षण तुमच्यामागे उभं राहील असं धरून चालू नका. उलट बाजूने, लोकसेवकाने आपल्या अधिकाराचा वापर करून एखाद्याला त्रास द्यावा म्हणून जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा कलम २१७ खाली गुन्हा आहे. म्हणून ‘लाच घेतली’ असं लिहिण्याऐवजी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच, तारीख आणि रक्कम घालून लिहा.

१९. निवेदन द्यायला पन्नास जण गेलो तर चालतं का?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)(३) खालचे जमावबंदी आदेश जिल्ह्यात अनेकदा लागू असतात, आणि त्याचा पत्ता लोकांना गुन्हा दाखल झाल्यावर लागतो. आधी पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या. बाकीचे बाहेर थांबतील आणि पाच जणांचं शिष्टमंडळ आत जाईल, असं त्या पत्रातच लिहिलं की बहुतेक वेळा अडचण येत नाही.

२०. मी सरकारी नोकरीत आहे. माझ्या बढतीबद्दल आमदारांमार्फत निवेदन दिलं तर?

देऊ नका. सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणणं वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि शिफारसपत्रच तुमच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून लागतं. कार्यालयप्रमुखामार्फत अभिवेदन द्या. सहा महिन्यांत निर्णय नाही झाला तर प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, म्हणजे मॅटचा, रस्ता मोकळा होतो. तिथून पुढे एक वर्षाची मुदत आहे, ती चुकवू नका.

२१. तीन वर्षं स्मरणपत्रं पाठवतोय. म्हणजे माझा दावा जिवंत आहे ना?

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. कायद्याने ठरवून न दिलेली निवेदनं पुन्हा पुन्हा देऊन मुदत लांबत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. एस. राठोड खटल्यात सांगितलं. २००८ च्या सी. जेकब खटल्यात त्यापुढे जाऊन म्हटलं की, शिळ्या मागणीवर कार्यालयाने नव्याने उत्तर दिलं म्हणून ती मागणी पुन्हा जिवंत होत नाही. मानवी हक्क आयोगाकडेही घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

म्हणून पहिल्या पोचीच्या दिवशीच शेवटची तारीख कोणती ते काढून ठेवा. एक निवेदन, एक स्मरणपत्र, एक माहिती अधिकार अर्ज. एवढं झालं की वकिलाकडे जा. चौथं स्मरणपत्र लिहीत बसू नका.

२२. शेवटी न्यायालयातच जायचं असेल तर निवेदन कशाला?

कारण अधिकाऱ्याला काम करायला लावणारा परमादेश उच्च न्यायालयाकडून राज्यघटनेच्या कलम २२६ खाली मागताना पहिला प्रश्न येतो: आधी मागणी केली होती का, आणि ती नाकारली का? पोच घेतलेलं, स्पष्ट मागणीचं निवेदन हेच त्याचं उत्तर. ‘विविध समस्यांबाबत’ असा कागद तिथे काही सिद्ध करत नाही. सरकारविरुद्ध दिवाणी दावा करायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस वेगळी द्यावी लागते. साधं निवेदन तिची जागा घेत नाही.

२३. माझं नाव इथल्या मतदार यादीत नाही / मुलगी चौदा वर्षांची आहे / आम्ही परदेशी नागरिक आहोत. निवेदन देता येईल का?

तिघांनाही येईल. कलम ३५० मध्ये शब्द ‘व्यक्ती’ आहे, ‘नागरिक’ किंवा ‘मतदार’ नाही. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून सातवी-आठवीच्या मुलांनी सह्या केलेलं निवेदन पूर्णपणे ग्राह्य आहे, पत्रव्यवहारासाठी एका पालकाचा पत्ता टाका. माहिती अधिकार मात्र कायद्याने नागरिकांनाच आहे, त्यामुळे परदेशी व्यक्तीला प्रश्न ११ ची वाट बंद आहे. आणि ग्रामसभेत ठरावावर मत द्यायचं तर त्या गावच्या मतदार यादीत नाव लागतंच.